त्र्याहत्तरावी ओळ

माझी नात परवा मला म्हणाली, "आजी, अनुक्रमणिका कुणी हाताने करतं का? एक बटण दाबलं की आपोआप तयार होते."

मी म्हटलं, "होत असेल. आमच्या वेळी मात्र एकशे अठरा वेळा माउस आपटावा लागायचा. आणि एवढं करून फसायचंच असेल तर बटणाने काय, हाताने काय."

ती हसली आणि फोनमध्ये गेली. मला मात्र ती सगळी गोष्ट पुन्हा आठवली. लिहून टाकते. इतकी वर्षं झाली, आता लाजायचं कुणाला?

नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत मी कारकून होते. कारकून कम टायपिस्ट. मराठी टाइपरायटरवर माझा हात असा चालायचा की शिपाई म्हणायचा, बाई, मशीनला जरा श्वास घेऊ द्या. नव्वदीच्या शेवटी शाळेत संगणक आला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. सगळे त्याला घाबरायचे. मीही घाबरायचे, पण मी ते कुणाला कळू दिलं नाही. पहिले आठ दिवस मी माउस हवेत धरून फिरवत होते आणि बाण हलत नाही म्हणून मशीन बिघडलंय असं मुख्याध्यापिकाबाईंना लेखी कळवलं होतं. तो अर्ज फाइलला अजून असेल. जावक क्रमांकासकट.

शाळेतल्या मराठीच्या बाई माझी मैत्रीण. वीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. ती वरण आणायची, मी भाकरी. ती बोलायची आणि मी ऐकायची, हीसुद्धा वाटणीच होती. ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना आधी पाय आलेली, आणि याचा तिला भारी अभिमान. पायाळू माणसाचा पाय लागला की भरलेली पाठ मोकळी होते असं लोक मानतात. एकदा जनरल रजिस्टरं उचलताना माझी पाठ धरली, तर तिने मला स्टाफरूममध्ये सतरंजीवर पालथी पाडली आणि सगळ्या शिक्षिकांसमोर माझ्या कमरेवर पाय ठेवला. पाठ मोकळी झाली. मी महिनाभर तिचं कौतुक गात हिंडले. तिचा पाय माझ्या पाठीवर, आणि कौतुक करतेय मीच! पण तेव्हा हे सुचायला डोकं लागतं, आणि माझं डोकं तेव्हा तिच्याकडेच असायचं.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला आमच्या महिला मंडळाने ठरवलं की प्रत्येकीने आपल्या आईविषयी लिहायचं. शिक्षिका, नर्स, पोस्टातल्या, बँकेतल्या, सगळ्या बायका. छापील पुस्तक करायला कुणी तयार होईना, म्हणून मैत्रीण म्हणाली, सीडी करू. तेव्हा सीडी म्हणजे फार पुढारलेली गोष्ट वाटायची. वाचनालयांना द्यायच्या, शाळांना द्यायच्या. संपादन तिचं, टायपिंग माझं.

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. ती तरुणपणी सुईण होती, मनमाडच्या अलीकडच्या एका खेड्यात. आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाबाहेर होती. मी दोन वर्षांची असताना वडिलांना नाशिकला काम मिळालं आणि आम्ही ते गाव सोडलं, त्यामुळे मला तिथलं काहीच आठवत नाही. आईला मात्र प्रत्येक बाळंतीण आठवत होती. सांगून झालं की विचारायची, "लिवलं?"

"लिहिलं."

"सगळं?"

"सगळं गं आई."

"मग माझं नाव कुठं येनार?"

मी तिला समजावलं, की सुरुवातीला एक यादी असेल. यादीत तुझ्या नावाची ओळ असेल. त्या ओळीवर बोट दाबलं की थेट तुझी गोष्ट उघडणार. तिला हे फार आवडलं. जन्मभर तिला बोलावणी आली ती पोरं बाहेर काढायला. आता कुणी फक्त तिच्यासाठी येणार होतं. ती शेजारणींना सांगायची, "माझ्या नावावर दाबलं की मी येती."

तर ही यादी करायची म्हणजे काय, ते सांगते. एकशे अठरा आया, पाचशेच्या वर पानं. पहिल्यांदा मी शहाणीने पानांचे आकडे हाताने लिहिले. दोन दिवस लागले. मग अध्यक्षीणबाईंनी मनोगत वाढवून आणलं, दीड पान, आणि माझे एकशे अठरा आकडे एका झटक्यात खोटे पडले. मी पुन्हा लिहिले. मग त्यांनी मनोगत कमी केलं.

मग कुणीतरी सांगितलं की संगणक आपली आपण यादी करतो. केली. तर सगळी मराठी नावं इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन आली. तेव्हाचे मराठी फॉन्ट तसेच होते. यादीने स्वतःचा इंग्रजी फॉन्ट लावला की खालची मराठी संपली. शेवटी हातानेच करायचं ठरलं. प्रत्येक आईच्या गोष्टीच्या डोक्यावर एक अदृश्य खूण ठेवायची, त्या खुणेला इंग्रजीत नाव द्यायचं, आणि यादीतली ओळ त्या खुणेला जोडायची. मी नावं दिली aai01, aai02, अशी. माझी आई aai73.

पहिल्या चाचणीत मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतःच्या आईवर क्लिक केलं आणि पोचल्या पोस्टातल्या बाईंच्या आईकडे. तीन पानं वाचेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही. वर म्हणाल्या, "आईचा हा स्वभाव मला माहीतच नव्हता." मी तोंडात पदर कोंबून बाहेर पळाले.

हे सगळं मी मैत्रिणीला शिकवलं. शेजारी बसवून शिकवलं. ओळ कशी जोडायची, कशी सोडायची. ती म्हणाली, "म्हणजे ओळ पुसली तरी गोष्ट आत तशीच राहते?"

मी मास्तरणीच्या थाटात म्हटलं, "राहते की. पण पाचशे पानांत कोण शोधत बसणार? यादीत नाही ते नसल्यासारखंच."

बघा. धारही मीच लावून दिली.

शेवटचं मुद्रितशोधन तिने घरी केलं. चार दिवस फाइल तिच्याकडे होती. पाचव्या दिवशी सीडी तयार व्हायला गेल्या.

प्रकाशनाचा कार्यक्रम पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात होता. आईला मी नवं पांढरं लुगडं घेतलं होतं, निळ्या काठाचं. पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर मोठी यादी दिसत होती, माउस माझ्या हातात, माइक मैत्रिणीच्या हातात. ती म्हणाली, "बोला, कुणाची आई उघडू या?" बायका ओरडायला लागल्या. एकेक आई उघडत होती, टाळ्या पडत होत्या. मध्येच आई खुर्चीतून अर्धी उठली आणि म्हणाली, "आता माझी दाब की गं."

सगळा हॉल हसला. प्रेमाने हसला. मी यादी खाली सरकवली. सत्तर. एकाहत्तर. बहात्तर. त्र्याहत्तर होतं, पण ते दुसरीच्याच आईचं. मी वर गेले, खाली गेले. आईची ओळ नव्हती.

"काय झालं?" मैत्रिणीने माइक बाजूला धरून विचारलं.

"आई दिसत नाहीय."

"राहिली असेल गं. वेळ कमी आहे, पुढे जाऊ."

आणि मी काय केलं? मी तिच्या हातातून माइक घेतला आणि दोनशे बायकांसमोर म्हणाले, "माझ्याकडूनच राहिलं. माफ करा. स्वतःच्याच आईला विसरले." पुन्हा हसू पिकलं. मैत्रिणीने माझ्या पाठीवर थोपटलं. आई खाली बसली. तिने लुगड्याचा काठ दोन बोटांत धरला होता, तो कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर मी आधी माझ्याकडची फाइल उघडली. ओळ होती. त्र्याहत्तरावी. मग सीडी लावली. मुखपृष्ठावर लिहिलेलं, एकशे अठरा आया. यादीत एकशे सतरा. पानं उलटत गेले, तर तीनशे एकेचाळिसाव्या पानावर आईची गोष्ट शाबूत होती. डोक्यावरची खूणसुद्धा होती. फक्त यादीतली ओळ पुसलेली, आणि खालचे सगळे क्रमांक एकेक करून वर सरकवलेले. त्र्याहत्तरपासून एकशे सतरापर्यंत, एकही चुकलेला नाही.

मी आयुष्यभर टायपिंगच्या चुका पाहिल्यात. चूक अशी नीटनेटकी नसते.

तरी मला कारण कळेना. मी आईला सांगितलं. ती पलंगावर बसून पायाला तेल चोळत होती. म्हणाली, "तिनंच काढली आसंल."

"कशाला काढेल ती? वीस वर्षांची मैत्रीण आहे माझी."

"ती पायाळू हाय ना? आजोळ कोन्तं तिचं?"

मी गावाचं नाव सांगितलं, आणि सांगता सांगता लक्षात आलं. आईचंच गाव.

"चिंचेखालचं मोठं घर," आई म्हणाली. "तिची आई पयल्या बाळंतपनाला आली व्हती. दोन दिस आडली."

"आई! तुला माहीत होतं?"

"लय दिसांपासून. घरी आली व्हती तवा तीच आजोळचं बोलली."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या मंद पोराकडे पाहावं. "सांगितलं की. तुलाच तर सांगितलं. तूच लिवलंस."

खरंच होतं. मी पुन्हा सीडीपुढे बसले आणि पहिल्यांदा आईची गोष्ट वाचली. वाचली म्हणते, कारण टाइप केली होती ती वाचलेली नव्हती. टायपिस्टचा तो रोगच असतो. डोळ्यांतून शब्द आत जातात आणि बोटांतून बाहेर पडतात. मध्ये कुठे थांबत नाहीत. आईने सांगितलं होतं, चिंचेखालच्या घरातून बोलावणं आलं. पोर पायाकडून येत होतं. मी पाय धरून काढली, नाळ कापली. बारशाला बोलावलं म्हणून गेले, तर मला मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी बसवलं. घुगऱ्या वरून पदरात टाकल्या. आणि मी उठायच्या आतच मी बसले होते तिथं गोमूत्र शिंपडलं. पदर भिजला, घुगऱ्या भिजल्या. त्या मी वाटेत टाकल्या नाहीत, भूक होती म्हणून खाल्ल्या.

मग मी मैत्रिणीचा लेख उघडला. यादीत तिसऱ्या क्रमांकावर. तिने लिहिलं होतं, माझा जन्म आजोळी झाला, चिंचेखालच्या घरात. मी पायाळू. ज्या सुईणीने मला सोडवलं तिला आजीने बारशाच्या दिवशी पाटावर बसवून ओटी भरली, नवं लुगडं नेसवलं. आमच्या घराने जातपात कधी मानली नाही.

दोन्ही लेख मी टाइप केले होते. चिंच दोन्हींत होती, पाय दोन्हींत होते, बारसं दोन्हींत होतं. मला फक्त एवढं आठवत होतं, की 'घुगऱ्या' शब्दातलं जोडाक्षर नीट उमटत नव्हतं म्हणून मी तीनदा टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिचं घर पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. वाटेत सगळी भाषणं पाठ केली होती. अशी म्हणेन, तशी म्हणेन. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं, म्हणजे काही मोठ्यानेच म्हणत असणार.

तिने चहा ठेवला. मी म्हणाले, "आईची ओळ तू काढलीस."

ती नाकारेल असं वाटलं होतं. पण तिने गाळणी झटकली आणि म्हणाली, "हो."

"का?"

"एक अक्षर कापलं नाही मी तुझ्या आईचं. बघ जाऊन. सगळं आत आहे."

"यादीत नाही."

"माझी आई खोटं बोलणारी नव्हती. तिला आजीने तसंच सांगितलं असणार. ती आता नाहीय, तिला विचारताही येत नाही. दोन्ही यादीत ठेवले असते तर लोकांनी शेजारी शेजारी लावून वाचलं असतं."

"वाचू दे की!"

"अगं, तुझ्या आईचं वय झालंय. इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला काय आठवतं? दुसरं एखादं घर असेल."

"चिंचेखालचं?"

"चिंच काय एकच असते का गावात?" मग तिचा आवाज उतरला. "मला त्रास झाला नसेल का? चार दिवस झोपले नाही मी. तू असतीस तर काय केलं असतंस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तम उत्तर आहे. ते मला तीन दिवसांनी सुचलं, भांडी घासताना. म्हणायला हवं होतं, 'मी असते तर तुला विचारलं असतं.' आणि दुसरं, 'आत आहे म्हणतेस ना? तेव्हाही तिला आतच बसवलं असतं तर ही वेळ आली नसती.' त्या क्षणी मात्र मी कपातल्या चहाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आलं जास्त घातलंस आज."

पाठ केलेल्या सगळ्या भाषणांतून एवढंच बाहेर पडलं. आलं! वर तिने दिलेलं बिस्किटही खाल्लं.

उठताना विचारलं, "नव्या सीडी काढशील?" ती म्हणाली, "पुढच्या वेळी बघू." आम्हा दोघींना माहीत होतं, पुढची वेळ नसते. त्या दिवसापासून मी शाळेत माझ्या टेबलावर जेवायला लागले. भाकरी होती, वरण नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायची, पित्त झालंय.

खरं सांगू? ओळ गेली याचं दुःख होतंच. पण मला जास्त लागलं ते वेगळं. ओळ पुसून झाल्यावर, चार दिवस न झोपता क्रमांक वर सरकवून झाल्यावर, ती स्टेजवर माइक धरून उभी राहिली आणि मी माफी मागत असताना तिने माझी पाठ थोपटली. ते थोपटणं अजून पाठीवर आहे.

मग मला जरा धीर आला, म्हणजे खोडसाळपणा आला. मी शाळेच्या संगणकावर चिठ्ठ्या छापल्या. 'पान ३४१. एका सुईणीची गोष्ट. यादीत नाही. शोधून वाचा.' एका कागदावर बारा बसत होत्या. आईने कात्री घेतली आणि पलंगावर बसून एकेक चिठ्ठी कापली. वाचता येत नव्हतं, पण एकही ओळ तिने कापली नाही. दर चिठ्ठीला विचारायची, "हिच्यावर मी हाय?" मी म्हणायची, "आहेस."

मंडळाने जिथे जिथे सीडी दिल्या होत्या तिथे मी रविवारी, सुट्टीत जाऊ लागले. नाशिकमधली वाचनालयं झाली, एसटीने मनमाडची शाळा झाली. सीडीची डबी मागायची आणि आत चिठ्ठी सरकवायची. बहुतेक डब्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. ते मीच नखाने फाडायची. एका ग्रंथपालांनी विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, "दुरुस्ती खातं." त्यांनी मला खुर्ची दिली.

पेठच्या वाचनालयात डबी रिकामी निघाली.

"सीडी कुठे आहे?"

तिथल्या माणसाने खिडकीकडे बोट दाखवलं. सीडी दोऱ्याने टांगलेली होती, वाऱ्यावर गरगर फिरत होती, आणि भिंतीवर तिचा कवडसा पळत होता. "कबूतरं लय घान करायची, ताई," तो म्हणाला. "ही टांगली तवापासून एक फिरकत नाय. आनखी हायेत का तुमच्याकडं?"

रिकाम्या डबीत मी चिठ्ठी ठेवली आणि परतीच्या एसटीत बसले. एकशे अठरा आया, पाचशे पानं, माझे दोन महिने, तिची चार रात्रींची झोप. ज्यासाठी तिने मला विकलं ते कुणी उघडूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. ओळ ठेवली असती तरी कुणाला कळलं नसतं. हे तिला सांगावं म्हणून जीभ शिवशिवत होती. सांगितलं नाही.

आईला सांगितलं. ती खूप हसली, डोळे पुसेपर्यंत. मग तिने विचारलं, "मग माझं कुनीच नाय वाचलं?"

"मी वाचलं."

"तुझं काय. तू तर घरची."

दोन वर्षांनी आई गेली. मैत्रीण भेटायला आली. माझ्याजवळ बसली आणि रडली, खरंच रडली, ते खोटं नव्हतं. जमलेल्या बायकांना म्हणाली, "मला त्या आईसारख्याच होत्या." मी तिच्याकडे बघत राहिले. मला तिच्याकडून एक वाक्य हवं होतं. मोठं नको, बायकांसमोर नको, माझ्या कानात चाललं असतं. माझी नाळ यांनी कापली, एवढंच. तिने डोळे पुसले आणि माझ्या सुनेला म्हणाली, "मला बिनसाखरेचा दे गं, शुगर निघालीय."

सुनेने बिनसाखरेचा दिला.

ती तोंड धुवायला मोरीकडे गेली तेव्हा तिची पर्स माझ्या शेजारी होती. आईने कापलेल्या चिठ्ठ्यांतली एक मी तिच्या पर्सच्या बाजूच्या कप्प्यात सरकवली. पन्नाशीची बाई, आईला जाऊन तीन दिवस झालेले, आणि चोरासारखी दुसरीची पर्स उघडतेय! सून बघत होती.

तिने ती वाचली का, मला माहीत नाही. महिनाभराने भाजीबाजारात समोरासमोर आलो. गुडघे कसे आहेत, सुनेचं कसं चाललंय, मेथी किती महाग झालीय, सगळं बोललो. पर्स नवी होती.